न जळणाऱ्या सोफ्याची विल्हेवाट

आमच्या घरी पाहुणा आला की मी आधी पाणी द्यायचे, मग चहा, आणि चहा संपायच्या आत आगपेटी घेऊन यायचे. पडद्याचं एक टोक धरून त्याच्याखाली पेटती काडी न्यायची. कापड काळवंडायचं, जरासा धूर यायचा, आणि काडी बाजूला घेतली की सगळं थंड. मग मी पाहुण्याच्या तोंडाकडे बघायचे. जणू ते कापड मी स्वतः मागावर बसून विणलं होतं. वर्षभरात पडद्याच्या खालच्या काठाला काळ्या डागांची झालर लागली. एका मावशीनं विचारलंही, "पडदा उंदरानं खाल्ला काय गं?"

विशीतल्या त्या बाईला आज कुणी माझ्यासमोर आणून उभं केलं, तर मी ओळख दाखवणार नाही.

ते कापड ह्यांच्या कारखान्यातलं. आमचे हे तेव्हा सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कापड तपासायच्या खात्यात होते. कारखाना तसा टॉवेल-चादरींचाच, पण एकदा परदेशातल्या हॉटेलांच्या खुर्च्या-पडद्यांसाठी जाड कापडाची ऑर्डर आली. विणून झालं की कापड बाहेर पाठवायचे आणि त्याच्या पाठीवर एक पांढरा थर चढवून आणायचे, म्हणजे आग लागली तरी ते भडकत नसे. त्यातला जो माल नापास झाला, कुठं रंग चुकलेला, कुठं धागा तुटलेला, तो कामावरच्या लोकांना किलोवर मिळाला. ह्यांनी सायकलच्या कॅरिअरला बांधून भला मोठा गठ्ठा आणला. मरून रंग, त्यावर पिवळी पानं. आजच्या डोळ्यांनी बघितलं तर भयंकर. तेव्हा मला वाटलं, आपलं घर हॉटेल झालं.

हौस होतीच, पण नुसती हौस नव्हती. त्याच्या आदल्या वर्षी आमच्या गल्लीतली एक सून स्टोव्हच्या भडक्यात गेली होती. स्टोव्हचाच भडका होता की आणखी काही, ते कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. पुढं काही दिवसांनी माझाच पदर पेटला. सासूबाईंनी ओलं पोतेरं अंगावर फेकून विझवला आणि वर म्हणाल्या, "पदर खोचायला बी कुनी शिकवलं न्हाई व्हय?" तेव्हापासून मला झोपेतसुद्धा रॉकेलचा वास यायचा. अशा बाईच्या घरात न पेटणारं कापड आलं, तर ती त्याची पूजाच करणार.

मी पूजा केली नाही, त्याहून वाईट केलं.

सोलापूरच्या बाईला कापड ताठ लागलं की एकच गोष्ट सुचते, खळ. मागावर धागा तुटू नये म्हणून त्याला खळ लावतात, आणि नवीन चादर घरी आली की सोडा घातलेल्या गरम पाण्यात बुडवून ती खळ काढून टाकायची, हे आमच्याकडे पोरींना पाढ्यांच्या आधी येतं. मी त्या कापडाची पाठ नखानं खरवडली. पांढरी पूड निघाली. म्हटलं, झालं, खळ.

हे म्हणाले, "खळ नाही ती. वरून लावलेलं औषध आहे."

"मला कापड शिकवता?" मी म्हटलं. माझ्या माहेरी चार माग होते. ह्यांच्या घरी मंगळवेढ्याला काय होतं, तर ज्वारी. ज्वारीवाल्यानं मागवाल्याच्या पोरीला खळ शिकवायची म्हणजे फारच झालं.

हे गप्प बसले. लग्नात लोक ज्या ज्या वेळी गप्प बसतात, त्याचे परिणाम फार लांबवर जातात.

मी सगळ्यात मोठं पातेलं काढलं, सोडा टाकला आणि अर्धा गठ्ठा उकळत ठेवला. पाण्यावर पांढरट साय धरली. ती मी झाऱ्यानं काढून मोरीत टाकली, झारा विसळला आणि संध्याकाळी त्याच झाऱ्यानं भजी तळली. दोन-तीन उकळ्यांत कापड छान मऊ पडलं. मग त्या मऊ कापडाचं एक फडकं भाकरीच्या दुरडीत गेलं, एक देवघरात गेलं, आणि उरलेल्याची मी लेकीच्या पाळण्याला झोळी शिवली. औषध सगळं मोरीत ओतून पुन्हा गल्लीभर सांगत फिरले, की माझी पोरगी अशा झोळीत झोपते जिला आग शिवत नाही.

सासूबाई त्या दुरडीतली भाकरी खायच्या नाहीत. तव्यावरची थेट ताटात घ्यायच्या. एकदा मी त्यांच्या अंगावर त्यातलंच एक पांघरूण घालायला गेले, तर म्हणाल्या, "जळत न्हाई म्हंतीस न्हवं? मग मी मेले की आधी हे काढून घे. न्हाई तर लोकं मसनात उभी ऱ्हातील की दिवसभर."

त्यांना सगळं आधीच कळलं होतं, असं मात्र कुणी समजू नये. त्यांना कापडातलं काही कळत नव्हतं. त्यांना फक्त मी आवडत नव्हते.

गठ्ठ्यातलं न उकळलेलं कापड पडद्यांना गेलं, आणि त्यातलं सगळ्यात चांगलं सोफ्याला. लाकडाची चौकट, आत फोम, वर आमची मरून पानं. जुन्या घरातून आम्ही जुळे सोलापूर ह्या नव्या वसाहतीत आलो तेव्हा पाळणा दिला, पितळेचा बंब मोडीत घातला, पण सोफा आला. ह्यांचा त्याच्यावर जीव. एक धागा सुटलेला नाही अजून, असं हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. वरून खरंच सुटलेला नाही. आतून मात्र फोमचा भुगा झालाय. सोफ्याखाली झाडू फिरवला की रव्यासारखं काहीतरी पिवळसर निघतं, आणि त्यात पांढरी पूड. मी त्याला सोफ्याचा प्रसाद म्हणायचे.

मागच्या उन्हाळ्यात पुण्याहून नातीचा फोन आला. नात म्हणजे लेकीची लेक. तिला मुलगी झालीय, म्हणजे माझी पणती, तेव्हा नुकती रांगायला लागलेली. बाळाला सांभाळणारी बाई काम सोडून गावी गेली होती, पाळणाघरात जागा दिवाळीनंतर मिळणार होती, आणि माझ्या लेकीची स्वतःची नोकरी अजून चालू होती. नात म्हणाली, "आज्जी, तोवर तुझ्याकडं ठेवू का तिला?"

मी फोनवर शांतपणे "बघ बाई, तुला जमत असेल तर" म्हटलं आणि फोन ठेवून स्वयंपाकघरात जाऊन नाचले. गुडघे दुखेपर्यंत, म्हणजे फार वेळ नाही.

ती शुक्रवारी बाळाला घेऊन आली. दोन दिवस राहणार, बाळ रमतंय का बघणार, आणि रविवारी रात्रीच्या गाडीनं एकटी जाणार किंवा बाळासकट. मी दूध, रवा, खेळणी, सगळं आणून ठेवलेलं. तिनं बाळाला फरशीवर सोडलं. बाळ इकडं तिकडं न बघता सरळ सोफ्याखाली गेलं, कमरेपर्यंत आत, आणि बाहेर आलं ते दोन्ही तळवे पिवळे करून. लगेच एक तळवा तोंडात.

नातीनं झडप घालून तिच्या तोंडात बोट फिरवलं. "हे काय आहे, आज्जी?"

"सोफ्याचा प्रसाद," मी म्हटलं.

ती हसली नाही. मला वाटलं, प्रवासानं दमलीय, जरा गंमत सांगावी. म्हणून मी तिला कापडाची सगळी गोष्ट सांगितली. काडी, पाहुणे, खळ, झोळी, सासूबाईंचं मसण. रंगवून सांगितली. मला वाटलं होतं ती लोळून हसेल. पण गोष्ट जसजशी रंगत गेली तसतसा तिचा चेहरा उतरत गेला.

"ते कापड अजून आहे घरात?"

"आहे म्हणजे? तू बसलीयेस त्याच्यावर."

ती उठली. विंचू दिसल्यासारखी नाही, सावकाश उठली, आणि बाळाला कडेवर घेऊन खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. मग तिनं सांगितलं. गरोदरपणात तिला थायरॉइडचा त्रास निघाला, तेव्हापासून ती ह्या गोष्टी वाचते आहे. आग धरू नये म्हणून कापडात, फोममध्ये, टीव्हीच्या डब्यात जी रसायनं घालतात त्यातली काही तिथं पक्की बसत नाहीत. हळूहळू सुटतात, धुळीत मिसळतात, धूळ फरशीवर बसते. मोठ्या माणसांच्या पोटात थोडी जाते. रांगणाऱ्या बाळाचं सगळं जगच फरशीवर, आणि हात सारखे तोंडात. थायरॉइडवर आणि लहान मुलांच्या वाढीवर त्यांचा परिणाम होतो, अशी डॉक्टरांना शंका आहे.

"म्हणजे माझं थायरॉइड ह्याच्यामुळंच म्हण की," मी म्हटलं. कारण आम्ही तिघीही त्याच गोळीवर आहोत, मी, लेक आणि नात. दुसऱ्या घराण्यांत आजीची पैठणी नातीकडे जाते. आमच्याकडे ही पांढरी गोळी आली आहे.

"असं नाही सांगता येत, आज्जी. कुणाला कशामुळं झालं ते कुणीच नाही सांगू शकणार. पण ही एवढीशी आहे." मग म्हणाली, "रागावू नको. सोफा घरात राहिला तर मी हिला परत नेते."

रागावण्याचा प्रश्नच नव्हता. मला पणती पाहिजे होती. सोफ्याचं काय, सोफा मला आज्जी म्हणणार नव्हता.

अडचण ह्यांची होती. हे सोफ्यावर बसून बातम्या बघत होते आणि सगळं ऐकत होते.

"पन्नास वर्षांत ह्या कापडाचा एक धागा..."

"धागा नाही सुटला हो," मी म्हटलं, "बाकी सगळं सुटलंय."

"मग मी टीव्ही कशावर बसून बघू?"

"टीव्हीतही असतं ते, आजोबा," नात म्हणाली. "जुन्या टीव्हीत तर फार."

ह्यांनी टीव्ही बंद केला, रिमोट टीपॉयवर ठेवला आणि हाताची घडी घालून म्हणाले, "मग मलाही बाहेर काढा. माझ्यातही बरंच साठलं असेल."

"तुमचा नंबर सोफ्यानंतर," मी म्हटलं.

शनिवार सोफ्याचं गिऱ्हाईक शोधण्यात गेला. भंगारवाला आला, लाकूड ठोकून बघितलं, म्हणाला लाकूड नेतो, फोम नको, फोम तुमचा तुम्ही काढून द्या. फोम काढायचा म्हणजे घरभर भुगा. कचऱ्याच्या घंटागाडीवाल्याला विचारलं, तर तो हसून म्हणाला, "आजी, उद्या घर बी टाका म्हणाल ह्यात." शेवटी हे वैतागून म्हणाले, "जाळून टाका एकदाचा." आणि आपण काय बोललो ते कळल्यावर त्यांचं त्यांनाच हसू आलं. त्या ऑर्डरीच्या वेळी महिनेच्या महिने त्यांनी ते कापड जळत नाही ना, हेच तपासण्यात घालवले होते. नात म्हणाली, जाळायचं तर अजिबात नाही, धूर धुळीहून वाईट.

रविवारी सकाळी आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या बाई आल्या. गेली कित्येक वर्षं येतात. जीभ तिखट, काम स्वच्छ. पोरगा टेम्पो चालवतो, सून टॉवेलांना काठ शिवायला जाते. सोफा दाराकडे ओढलेला बघून त्यांनी विचारलं, "काकू, हा कुटं चाललाय?"

"ठरत नाहीये."

"मला द्या की मग. पोराला टेम्पो घिऊन बोलावते. चहा व्हायच्या आत उचलतो."

घरातली हवाच बदलली. ह्यांचा चेहरा खुलला, कापड चांगल्या घरी जाणार म्हणून. दारात टेम्पो, संध्याकाळच्या आत सोफा गायब, रात्री नात एकटी गाडीत, आणि पणती माझ्या कुशीत. मी नातीकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घालून बाळाचं टोपरं बांधायला लागली. ते आधीच बांधलेलं होतं.

बाईंच्या घरी नात आहे. आमच्या पणतीपेक्षा थोडी मोठी. तीही जमिनीवरच.

विशीतली ती बाई असती तर तिनं सोफा दिला असता, वर आगपेटी काढून बाईंना काडीचा प्रयोगही दाखवला असता, आणि दानाचं पुण्य म्हणून रात्री निवांत झोपली असती. मलाही तसंच करावंसं वाटत होतं. फार वाटत होतं. पण मी म्हटलं, "नाही हो. हा सोफा नाही देता येणार."

"का? कुनी इकत घेतंय?"

"विकत नाही. ह्याच्यात औषध आहे. त्याची धूळ होते. लहान पोरांना चांगली नाही."

बाईंनी सोफ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुमी बसला की ह्याच्यावर इतकी वर्सं. तुमाला काय झालं?"

"मला थायरॉइड झालं."

"ते माज्या भनीला बी हाय. तिच्याकडं सोफा न्हाई."

हे खुशीत आले. दोन दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या बाजूनं बोललं होतं.

"न्हाई द्यायचा तर न्हाई म्हना काकू. औषध कशाला लावता मधी?"

"मी तुम्हाला कापसाची नवी गादी करून देते. पिंजाऱ्याकडून."

"गादी घेते," त्या लगेच म्हणाल्या. "पर गादीवर पावनं बसवता येत न्हाईत."

दुपारी ठरलं, सोफा गच्चीवर न्यायचा. तिथं टाकीशेजारी पत्र्याची खोली आहे, तिला कुलूप लागतं. जिन्याच्या वळणावर सोफा बसेना, मोडायचा तर भुगा. शेवटी बाईंचा पोरगाच दोघा मित्रांना घेऊन आला. आईला सोफा नाही मिळाला तरी मजुरी मिळत होती. नातीनं सोफ्याला ताडपत्री गुंडाळून चहूबाजूंनी चिकटपट्टी लावली, पोरांनी दोर बांधले आणि बाहेरच्या बाहेर वर ओढायला सुरुवात केली. हे खाली उभे राहून सूचना देत होते, डावीकडून उचला, कोपरा सांभाळा, कापडाला घासू देऊ नका. सोफा आमच्या फाटकावर अधांतरी झुलत असताना समोरच्या घरातले गृहस्थ बाहेर आले. "काकू, गच्चीवर हॉल काढला का?"

"हो," मी म्हटलं, "तुम्ही या बसायला."

बाई कठड्याला टेकून बघत होत्या. सोफा वर गेला, कुलूप लागलं. तेव्हा त्या कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "कुलपात कुजला तर चालतंय. गरिबाला द्यायचा न्हाई."

मला वाईट वाटलं, पण राग आला नाही. त्या जिथं उभ्या होत्या तिथून सगळं तसंच दिसत होतं. आणखी चार घरी कामाला जातात त्या, म्हणजे उद्या चार घरांत कळणार होतं, की जुळे सोलापुरात एक म्हातारी आहे जिनं मोडका सोफा दोरानं वर चढवला पण सोडला नाही. इतकी वर्षं मी लोकांना काड्या पेटवून दाखवल्या, नाव झालं नाही. आता एका दुपारात झालं.

नातीनं घराचा कोपरा न् कोपरा ओल्या फडक्यानं पुसून काढला, पाणी काळं झालं की बदललं, पुन्हा पुसलं. मला सांगितलं, आज्जी, कोरडा झाडू फिरवायचा नाही, धूळ उडते. ओलंच पुसायचं. आणि भरवायच्या आधी दर वेळी हिचे हात धुवायचे. मी म्हटलं, "असं केलं की सगळं जाईल?"

"सगळं नाही जाणार. पुष्कळ कमी होईल."

विशीतल्या त्या बाईला असलं उत्तर आवडलं नसतं. तिला जळतं की नाही जळतं, एवढंच कळायचं.

रात्री हे तिला स्टेशनवर सोडायला गेले. निघताना तिनं बाळाची पापी घेतली, माझ्या पाया पडली आणि फाटकापाशी जाऊन परत आली, बाळाचा पंजा उघडून एकदा बघितला. स्वच्छ होता. मग गेली.

सोमवारी सकाळी मी बाळाला सतरंजीवर बसवून रव्याची खीर गार करत होते. हे प्लास्टिकच्या खुर्चीवर, सगळ्या जगावर रुसून बसलेले. दार वाजलं. बाई आत आल्या त्या कडेवर आपल्या नातीला घेऊन. त्यांनी तिला आमच्या पणतीशेजारी सतरंजीवर ठेवलं आणि पदर खोचला.

"हे काय हो?" मी विचारलं.

"सून कामाला गेली. रोज शेजारणीकडं ठिवते, तिचं घर म्हंजे नुसती धूळ." त्या बादली भरायला लागल्या. "हिच्यासाठीच दिला न्हाई न्हवं सोफा? तोंडात धूळ जाईल म्हनला. मग ऱ्हाऊ द्या हितंच. मी कामं उरकून येते, दुपारी नेते."

ह्यांनी रुसवा सोडून माझ्याकडे बघितलं. मी अडकलेली बघून त्यांना फार बरं वाटत होतं.

"रोज?" मी विचारलं.

"मग काय एक दिस?"

दोन्ही पोरी एकमेकींचं तोंड चाचपत होत्या. मोठीनं आमच्या पणतीचं बोट आपल्या तोंडात घातलं. मी उठले, तांब्या-घमेलं घेऊन आले आणि खाली बसले, गुडघे कुरकुरले तरी. आधी आमच्या पोरीचे हात धुतले आणि खिरीचा चमचा उचलला.

मोरीतून आवाज आला, "काकू, तिचं बी धुवा. न्हाई तर मी सोफ्याला टेम्पो बोलावते."